वडगाव रासाई ते मढी : सायकलच्या वाटेवरचा जुना शेजार

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवसांची सुट्टी जुळवून आणली आहे. सायकलनं जायचं ठरलं, पण कुठं जायचं यावर घरात पंधरा दिवस खल चालला. पुण्यातले सायकलवाले मित्र ताम्हिणी सांगतात, वरंध सांगतात, महाबळेश्वर तर ठरलेलंच. मी मात्र पुण्याच्या पूर्वेकडचा नकाशा उघडून बसलो. तिकडं काय आहे, नुसता ऊस आणि धुरळा, असं एकानं तोंड वाकडं करून म्हटलंच. त्याचं अगदीच खोटं नाही. पण ऊस संपला की नगरच्या पलीकडं गर्भगिरीच्या डोंगररांगा सुरू होतात, आणि भीमेपासून त्या डोंगरापर्यंतच्या वाटेवर आमच्या दख्खनचा जेवढा इतिहास पसरला आहे तेवढा एका सायकलफेरीत क्वचितच भेटतो. शिवाय त्या वाटेच्या शेवटच्या टोकाशी माझं एक घरगुती काम अडकलेलं आहे. ते पुढं सांगतो.

सुरुवात वडगाव रासाईपासून. शिरूर तालुक्यातलं भीमेकाठचं हे गाव. नदीपलीकडं दौंड तालुका. गावाला नाव देणाऱ्या रासाई देवीचं देऊळ नदीवर आहे. इथं माझ्या कॉलेजच्या मित्राचं घर आहे, शेती आहे आणि ऐंशी ओलांडलेली त्याची आई आहे. पुण्याहून पहिल्या दिवशी तिथपर्यंत जायचं, रात्री मुक्काम करायचा आणि खरी सफर दुसऱ्या दिवशी सुरू करायची, असा बेत.

या भागात सायकल चालवायची तर दोन गोष्टी आधी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, गळीत हंगाम. जानेवारीत कारखाने जोरात चालू असतात आणि रस्त्यावर उसानं लादलेले ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या. पुढचा ट्रॅक्टर सायकलवाल्याला वाचवून जातो, मागच्या ट्रॉलीचा भरवसा नसतो. दुसरी, बिबट्या. सायकलवाल्यांचा नियम असतो की उजाडायच्या आत निघावं, ऊन चढायच्या आत निम्मं अंतर कापावं. शिरूर तालुक्यात तो नियम चालत नाही. बिबटे उसातच राहतात, तिथंच विततात. मित्रानं फोनवर बजावलं, "फजर पढून पुन्हा झोप. सूर्य वर आल्याशिवाय सायकल बाहेर काढायची नाही." बिगरमुस्लिम मित्राच्या तोंडून फजरचा हिशेब ऐकून बायको हसली.

या बेताची चाहूल त्याच्या आईला लागली तेव्हा त्यांनी फोन हातात घेतला. "कुठवर जाणार बाबा?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, मढीपर्यंत." पलीकडं क्षणभर शांतता. मग, "सायकलीवर कान्होबाला? आरं, आम्ही बैलगाडीनं जायचो, वाटंत तीन मुक्काम पडायचे."

तीन मुक्काम हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. आपल्या फिकहच्या पुस्तकांत मुसाफिर कुणाला म्हणायचं याचा जो हिशेब आहे, तो मुळात किलोमीटरचा नाहीच. तीन दिवसांची पायी किंवा उंटाच्या चालीची वाट, हा हनफी मंडळींचा माप-दंड. पुढं उलेमांनी त्याचे अठ्ठेचाळीस मैल केले, आता आपण सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलोमीटर म्हणतो. माणसाच्या दमावरून अंतर मोजण्याची ती पद्धत सायकलवर बसलं की पुन्हा खरी वाटायला लागते. मोटारीत बसलेल्याला नमाज कसर करायची मुभा का आहे हे कळायला जड जातं. वाऱ्याच्या तोंडावर साठ किलोमीटर पायडल मारलेल्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

आता थोडं सायकलीबद्दल. आमच्या अब्बांचं पुण्यात सायकलचं दुकान होतं. दुरुस्ती आणि तासावर भाड्यानं देणं, दोन्ही. त्या काळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडला तर पोलीस अडवायचा. सायकलींचं शहर म्हणून पुण्याचं नाव होतं, आणि त्या शहराच्या सायकली चालू ठेवणाऱ्या हातांत आमच्या मोहल्ल्यातले हात पुष्कळ होते. पंक्चर काढणारा मुसलमान ही आता टिंगलीची गोष्ट झाली आहे. अब्बांना तिची कधी लाज वाटली नाही. चाकाचा आउट काढताना ते एकेक तार बोटानं छेडून आवाज ऐकायचे. कान जवळ न्यायचे आणि म्हणायचे, ही ढिली आहे. मला तो कान मिळाला नाही.

अब्बा दोन गोष्टी रंगवून सांगत. एक मुंबईच्या पारशी तरुणांची. 1923 च्या ऑक्टोबरात काही जण सायकलवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भमगरा हे तिघं सगळी पृथ्वी फिरून 1928 मध्ये परत आले. ना गिअर, ना धड रस्ते, वाटेत वाळवंटं. दुसरी गोष्ट पुण्याचीच. 1913 साली डेक्कन कॉलेजात शिकणारा मेरवान इराणी नावाचा मुलगा सायकलवरून लष्करातून जात होता. कडुनिंबाखाली बसलेल्या हजरत बाबाजान या वृद्ध फकीर स्त्रीनं त्याला खूण करून बोलावलं. तो सायकल उभी करून तिच्याजवळ गेला आणि त्याचं आयुष्यच पालटलं. पुढं तोच मेहेर बाबा. बाबाजानचा दर्गा आजही लष्करात रस्त्याकडेला आहे आणि मेहेर बाबांची समाधी दौंड-नगर रस्त्यावरच्या अरणगावजवळ. म्हणजे माझ्या वाटेवरच. बाबाजान अफगाण-बलुची मुलखातून आलेली मुसलमान स्त्री आणि तिचा शिष्य इराणी झरथुष्ट्री. त्या दोघांत सायकलचा काही वाटा होता हे अब्बांना फार आवडायचं. पायी असता तर ऐकून न ऐकल्यासारखा करून निघून गेला असता, सायकलवाल्याला थांबायला ब्रेक दाबावाच लागतो, असा त्यांचा युक्तिवाद. तो मला कधी पटला नाही.

वडगाव रासाईहून मांडवगण फराटा, तिथून काष्टी, काष्टीहून श्रीगोंदा. दुसऱ्या दिवसाची वाट जवळजवळ सपाट आहे. भीमा आणि घोड या दोन नद्यांमधला हा मुलूख मुक्काम करायला सोयीचा, पाणी-वैरण मुबलक, म्हणून लष्करं इथंच तळ ठोकत. श्रीगोंद्याच्या दक्षिणेला भीमेवर पेडगावचा भुईकोट आहे. औरंगजेबाचा सरदार बहादूरखान कोकलताश तिथं ठाण मांडून होता, म्हणून त्याला बहादूरगड म्हणत. त्याच्या हातावर तुरी देऊन शिवाजी महाराजांच्या फौजेनं तळावरचा खजिना आणि घोडे नेले, ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. फौजेची एक तुकडी समोर येऊन पळाली, खान सगळं सैन्य घेऊन तिच्यामागं धावला आणि दुसऱ्या तुकडीनं मोकळा तळ साफ केला.

पण पेडगाव त्यासाठी कुणी आठवत नाही. 1689 मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना इथं औरंगजेबापुढं आणलं, त्यांची विटंबना केली, आणि पुढं भीमेकाठीच तुळापूर-वढूच्या परिसरात त्यांना हाल करून मारलं. तारीख 11 मार्च 1689. मुलगी विचारत होती, अब्बू, आपण तिथं जायचं का? ती सतरा वर्षांची आहे आणि या सफरीत माझ्यासोबत येणार आहे. मी म्हटलं, जायचं. तिचा प्रश्न वेगळा होता, तो मला समजला होता. तिथं आपल्याकडं कुणी कसं पाहील, असा. मी तिला एवढंच सांगितलं की औरंगजेबाशी आपलं नातं लावायची घाई बाहेरच्यांना असते, ती आपण का करावी? दख्खनचे मुसलमान त्याच्या आजोबा-पणजोबांपासून मोगलांशी लढत आले होते. विजापूर आणि गोवळकोंडा या दोन मुसलमानी सल्तनती त्यानंच 1686 आणि 1687 मध्ये बुडवल्या, संभाजी महाराजांना धरण्याच्या दोनच वर्षं आधी. पेडगावच्या किल्ल्यात यादवकाळातलं लक्ष्मीनारायणाचं कोरीव मंदिर आहे. तेही पाहायचं आहे आणि जिथं त्या राजाचे हाल झाले तिथं मान खाली घालून उभंही राहायचं आहे. त्यात आम्हाला कसली अडचण?

श्रीगोंद्यात मात्र पूर्ण अर्धा दिवस ठेवला आहे. कारण तिथं शेख महंमद आहेत.

मराठी मुसलमानानं मराठीत लिहायचं म्हटलं की आधी आठवावं असं हे नाव. मूळचे बीड जिल्ह्यातल्या वाहिऱ्याचे. त्यांचे गुरू चांद बोधले, म्हणजे कादरी परंपरेतले सूफी. तेच चांद बोधले जनार्दनस्वामींचेही गुरू मानले जातात आणि जनार्दनस्वामी एकनाथांचे गुरू. एकनाथी भागवत लिहिणारा आणि 'योगसंग्राम' लिहिणारा, दोघांची वंशावळ अशी एका फकिरापाशी येऊन मिळते. 'योगसंग्राम' शके 1567 मध्ये, म्हणजे 1645 साली पुरा झाला. ओवीबद्ध, खास मराठी. जिवाची आपल्याच विकारांशी चाललेली लढाई हा त्याचा विषय. आपण मुसलमान आहोत हे त्यांनी लिखाणात लपवलं नाही, तोडूनही घेतलं नाही. वारकऱ्यांनी त्यांना कबीराच्या रांगेत बसवलं. रा. चिं. ढेऱ्यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकात अशा कवींची ओळख करून दिली नसती, तर माझ्यासारख्याला त्यांचा पत्ता फार उशिरा लागला असता. शाळेच्या पुस्तकात ते मला भेटले नाहीत. मशिदीच्या वाजातही नाहीत.

शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले शेख महंमदांना गुरू मानत, त्यांनीच श्रीगोंद्यात त्यांना मठ आणि जमीन दिली, अशी परंपरा आहे. त्याच मालोजींनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. भोसल्यांच्या घरातल्या दोन मुलांना एका वलीचं नाव वाटून दिलेलं. ही गोष्ट मी भाषणात अनेकदा ऐकली आहे आणि ती सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे, हे मलाही कळतं. एकोप्याच्या कार्यक्रमात शहाजी-शरीफजी आणि संपलं. म्हणूनच मला ती त्या वाटेवर जाऊन बघायची आहे: श्रीगोंद्याचा मठ, नगरजवळच्या दर्गा दायऱ्यातली शाह शरीफची मजार आणि भातवडीतली शरीफजींची समाधी. तिन्ही ठिकाणं चाकाखाली आली की गोष्टीला वजन येतं. श्रीगोंद्याच्या स्थानाला देवस्थान म्हणायचं की दर्गा, यावरून अलीकडं वाद झाला, मोर्चे निघाले. शेख महंमदांच्या हयातीत दोन्हीकडच्या मंडळींना हाच प्रश्न पडला असणार. निदान या बाबतीत आपण परंपरा राखून आहोत.

तिसरा दिवस नगरचा. अंतर पन्नास-साठ किलोमीटर, हळूहळू चढत जाणारं आणि समोरून वारा. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या, त्यांच्या नावाला कोण नाही म्हणेल? दुखतं ते एवढंच की ज्या मलिक अहमदनं हे शहर वसवलं त्याचं नाव काढून. फरिश्ता सांगतो की त्याचे वडील मलिक हसन हे जन्मानं ब्राह्मण, घराणं पाथरीच्या कुळकर्ण्यांचं. म्हणजे निजामशाहीचं मूळ गोदाकाठी परभणीकडं. तो बाहेरचा ठरला. बोलताना मात्र सगळेच नुसतं 'नगर' म्हणतात, एसटीचा कंडक्टरसुद्धा, म्हणून मीही वहीत तेवढंच लिहिलं आहे.

नगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. 1595-96 च्या वेढ्यात मोगलांनी तट उडवला तेव्हा चांदबिबी स्वतः खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभा केला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. चार वर्षांनी ती स्वतःच्याच माणसांकडून मारली गेली, हे फारसं सांगितलं जात नाही. याच किल्ल्यात 1942 पासून नेहरू, मौलाना आझाद आणि काँग्रेसच्या कार्यकारिणीतले इतर नेते कैदेत होते. नेहरूंनी इथं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. मौलानांनी इथं बसून एका मित्राला पत्रं लिहिली, जी टपालात पडणारच नव्हती. तीच पुढं 'गुबारे खातिर' म्हणून छापली गेली. त्यात चहावर पानंच्या पानं आहेत. आणि एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्यात त्यांची पत्नी जुलेखा बेगम वारली, त्या आजारपणात भेटीसाठी सरकारकडं अर्ज करायचं त्यांनी नाकारलं, तेही आहे. मुलीनं हे पुस्तक देवनागरीत वाचलं. चहाचं पत्र तिला आवडलं, बेगमचं पत्र वाचून ती मौलानांवर रागावली. एक अर्ज केला असता तर काय बिघडलं असतं, म्हणाली. किल्ल्याजवळ पोचल्यावर हे भांडण पुन्हा होईल.

चौथा दिवस चढाचा. भिंगार सोडलं की पाथर्डी रस्त्याला उजवीकडं शाह डोंगर दिसतो आणि माथ्यावर ती तीन मजली अष्टकोनी इमारत. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. आहे ती सलाबतखानाची कबर. मुर्तजा निजामशाहचा हा वजीर. शहराला डोंगराकडून खापरी नळांनी पाणी आणायच्या कामांत निजामशाहीच्या ज्या वजिरांची नावं येतात त्यांत तोही आहे. नकाशावरचा चढ मी पुन्हा पुन्हा मोजला. शेवटचं वळण खडं आहे. अब्बांचा सल्ला होता की चढावर उतरून सायकल ढकलताना सीट धरायची, हँडल नाही. कारण विचारायचं राहून गेलं. आता तेही नाहीत.

या डोंगरामागं भातवडी. 1624 मध्ये मलिक अंबरनं इथं मोगल आणि विजापूरच्या एकत्र फौजेला हरवलं. हबश देशात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला होता, तेव्हा वयानं पंच्याहत्तरीला टेकलेला. त्यानं तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडलं, चिखल केला, रसद तोडली आणि मग रात्री-अपरात्री छापे घातले. डोंगर, पाणी आणि चपळ घोडेस्वार यांचा हा मेळ पुढं कुणी कुठं वापरला हे सांगायला नको. अंबरच्या बाजूनं शहाजीराजे आणि शरीफजी लढले. शरीफजी पडले. पिराच्या नावाचा भोसला हबशी वजिराच्या झेंड्याखाली दिल्लीच्या मोगलांशी लढताना मेला. एवढं एक वाक्य कुणी मला आठवीत असताना सांगितलं असतं, तर वर्गात इतिहासाच्या तासाला माझ्याकडं वळणाऱ्या माना मी वेगळ्या प्रकारे झेलल्या असत्या.

भातवडीहून करंजी घाट आणि घाटापलीकडं मढी. डोंगरावर कानिफनाथांची समाधी. नाथपंथीयांचे कानिफनाथ, गावोगावच्या भटक्या जमातींचे कान्होबा आणि आमच्या मुसलमानांचे शाह रमजान माही सवार. माही म्हणजे मासा, माशावर स्वार झालेले. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा, गाढवांचा बाजार, काठ्या-निशाणं. माझे मामू वर्षानुवर्षं त्या यात्रेत बांगड्यांचं दुकान लावायचे. अम्मी सांगायची की परतताना ते रेवड्या आणायचे आणि "शाह रमजानचा प्रसाद" म्हणूनच वाटायचे. प्रसाद हाच शब्द.

फेब्रुवारी 2025 मध्ये मढीच्या ग्रामसभेनं यात्रेत मुसलमान दुकानदारांना बंदी करणारा ठराव केला. प्रशासनानं तो ग्राह्य धरला नाही. पण बातमी व्हायची ती झाली. मामू तेव्हा अंथरुणावर होते. मोबाईलवर कुणी तरी तो व्हिडिओ दाखवला, ते काही बोलले नाहीत. नंतर मला जवळ बोलावून म्हणाले, माझी जागा पायऱ्यांच्या डाव्या हाताला असायची, शेजारी एक गुरव प्रसादाचं दुकान लावायचा, त्याच्याकडं माझे चाळीस रुपये राहिलेत की माझ्याकडं त्याचे, आता आठवत नाही. पावसाळ्यात मामू गेले.

हेच ते घरगुती काम. तो गुरव किंवा त्याचा मुलगा सापडतो का पाहायचं आणि चाळीस रुपयांचा हिशेब मिटवायचा. मामूंनी नाव सांगितलं होतं, मी वहीत लिहून ठेवलं आहे. बायकोचं म्हणणं, नगरपर्यंत जा, भातवडी करा, मढी राहू द्या, पोरगी सोबत आहे. तिची भीती मी हसण्यावारी नेत नाही. यात्रेचे दिवस टाळून जानेवारी धरला तो त्यासाठीच. उन्हाचं कारण मी इतरांना सांगतो.

परवा पुन्हा वडगाव रासाईहून फोन आला. मित्राच्या आईनं यादी दिली: तिळाच्या भाकरी बांधून देणार, त्या दुसऱ्या दिवशीही टिकतात. पोरीला कानटोपी. आणि मढीला माझ्या नावाचा नारळ, डोंगर चढवत नसेल तर पायथ्याला फोडला तरी चालेल. मी म्हटलं, आई, सायकलला आधीच ओझं झालंय, नारळ तिथंच विकत घेतो. त्या म्हणाल्या, "घे की. डाव्या हाताच्या दुकानातून घे. उजवीकडचा महाग लावतो."